खालचे दोन कप्पे

पाऊस लागला की आमच्या गल्लीत सकाळी उठल्या उठल्या एकच विचारपूस, किती फूट? म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आलीय. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या थोरलीला पाढे यायच्या आधी पाठ झालं होतं. आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मेसेज आला की मग कुणाचं कामात लक्ष लागत नाही, जो तो नाल्याकडे एक चक्कर मारून येतो.

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून चालत पाच मिनिटांवर. जुनं घर आहे, खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर एकच मोठी खोली आणि तिच्यावर पत्र्याखाली माळा. माणसं पाच, मी, नवरा, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, थोरली सात वर्षांची आणि धाकटा साडेतीनचा. येणाऱ्या मैत्रिणी हल्ली विचारतात की दोन पोरं असून एवढं मोकळं घर कसं ठेवतेस, आमच्याकडे तर पाय टाकायला जागा नाही. तोंडी सांगायला लागले की ते नीट सांगता येत नाही, कारण त्याची सुरुवात आवराआवरीच्या हौसेतून झालेलीच नाही, ती २०२१ च्या पुरातून झालीय. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा घरात पाणी आलं. तेव्हा सगळं कोल्हापूरच पाण्यात होतं, हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. आम्हाला तर काही सुचलंच नाही, थोरली वर्षाची होती, तिला घेऊन राजारामपुरीत नणंदेकडे गेलो आणि घर तसंच सोडलं. परत आलो तेव्हा भिंतीवर माझ्या कमरेएवढ्या उंचीला तपकिरी रेघ होती. तेव्हा वाटलं हे असं आयुष्यात एकदाच होणार, जुनी माणसं पण तसंच म्हणत होती. मग २०२१ च्या जुलैमध्ये परत. दोन्ही वेळा बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी गेलं होतं.

दुसऱ्या वेळी निदान एक संध्याकाळ हातात होती. मला पाचवा महिना, जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. नवरा आणि गल्लीतली तालमीतली चार पोरं सामान वर नेत होती आणि मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर टॉर्च घेऊन उभी, कारण लाईट घालवली होती. एकेक पोरगं पिशवी उचलून विचारायचं, "वहिनी, ह्यात काय हाय? न्यायचं का ऱ्हाऊ दे?" आणि मला सांगता येईना. माझ्याच घरातली पिशवी, मीच कधीतरी गाठ मारून ठेवलेली, आणि आत काय आहे ते मला माहीत नाही. मग मी म्हणायचे, ने बाबा, वरच ने. रात्री एक वाजेपर्यंत पोरं जिना चढत उतरत होती, भिजलेल्या कपड्यांनी, एक शब्द न बोलता. त्यांचे ते उपकार मी कधी विसरणार नाही.

आठ दिवसांनी वर जाऊन गाठी सोडल्या. एका पोत्यात झाकणं नसलेले प्लास्टिकचे डबे. एकात जुनी दप्तरं, बंद पडलेल्या मिक्सरची दोन भांडी, लग्नात आलेले आणि खोक्यातून कधी बाहेर न काढलेले लेमन सेट. एका गाठोड्यात थोरलीचे पहिल्या वर्षाचे मोडके खुळखुळे. हे सगळं त्या पोरांनी उरापोटावर वर नेलं होतं. आणि खाली राहिलं होतं काय, तर कपाटाच्या खालच्या खणात थोरलीचं लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्ड, आणि मामांचा म्हणजे सासऱ्यांचा फोटो असलेला लग्नाचा अल्बम. मामा २०१८ ला गेले. त्यांचे हसतानाचे फोटो त्या एकाच अल्बममध्ये आहेत.

अल्बमबद्दल थोडं सांगते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ओले फोटो एकमेकांना चिकटलेले असतात आणि आपला हात लगेच ते ओढून वेगळे करायला जातो, ते अजिबात करायचं नाही. मी पहिले दोन तसेच ओढले आणि मामांचा अर्धा चेहरा समोरच्या पानावर गेला. मग माहेरून भावानं फोनवर सांगितलं की चिकटलेला गठ्ठा तसाच स्वच्छ गार पाण्यात ठेव, आपोआप सुटायला लागला की हलक्या हाताने वेगळा कर आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळव. तसं केल्यावर बाकीचे बरेचसे वाचले. कडेला गाळाचे डाग आहेत, पण माणसं ओळखू येतात.

तर त्या दिवशी मी त्या गाठोड्यांच्या मधे बसून ठरवलं की ह्या घरात अशी एकही पिशवी ठेवायची नाही जिच्यात काय आहे ते मला डोळे मिटून सांगता येणार नाही.

आता ठरवणं सोपं असतं, करायला मला दोन वर्षं लागली, कारण मधे धाकटा झाला आणि पोरगं झालं की घरात सामानाचा पूरच येतो. बाळंतविडा, झबली, दुपटी, पाळणा, वॉकर, प्रत्येक पाहुणा हातात काहीतरी घेऊन येणार आणि ते सगळं मायेनं दिलेलं, त्यामुळे नको म्हणता येत नाही.

पहिला बदल आम्ही फर्निचरमध्ये केला. पुरानंतर खालची सगळी प्लायवूडची कपाटं फुगून दारं लागेनाशी झाली होती, वास तर जातच नव्हता, ती काढून टाकली. सुताराने परत तसलंच करून देतो म्हणून सांगितलं, पण आत्या म्हणाल्या, "आमच्या वेळंला भिंतीत कडाप्प्याचं कप्पं असायचं, त्याला काय हुतंय पाण्यानं?" आणि ते इतकं बरोबर होतं. गवंड्याकडून माजघराच्या एका अख्ख्या भिंतीला कडाप्प्याचे पाच पाच कप्पे करून घेतले, उघडे, दारं नाहीत. पुढे साधा पडदा. पाणी आलं तर पाईप लावून धुवायचे, संपलं.

आणि इथंच खरा प्रश्न आला. पूर येणाऱ्या घरात सगळं मोलाचं वर ठेवायचं असतं. आणि लहान पोरं असलेल्या घरात सगळं खाली ठेवायचं असतं, कारण पोराच्या हाताला जे लागत नाही ते पोर कधीच जागेवर ठेवणार नाही, ते आपल्यालाच ठेवावं लागतं, दिवसातून वीस वेळा. माँटेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ ला पहिली शाळा काढली त्यातही मुलांसाठी त्यांच्या उंचीच्या उघड्या मांडण्या आणि छोट्या खुर्च्या हेच मुख्य होतं, आणि आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवताना तेच काम गावातल्या साध्या स्वस्त सामानातून उभं केलं. थोरलीच्या बालवाडीत मी हे रोज बघत होते. तीन वर्षांची पोरगी तिथं चटई गुंडाळून जागेवर ठेवायची आणि घरी आली की दप्तर दारात. पोरगी तीच, फरक एवढाच की तिथं चटईची जागा तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होती आणि घरी दप्तराची खुंटी माझ्या डोक्याच्या वर.

मग आम्ही ठरवलं, खालचे दोन कप्पे पोरांचे. पण तिथं जे जाईल ते एकतर पाण्यात भिजून धुता येण्यासारखं पाहिजे नाहीतर एका फेरीत वर नेता येण्यासारखं पाहिजे. ह्या एका नियमाने इतक्या गोष्टी आपोआप ठरत गेल्या की मलाच नवल वाटलं. कापडी अस्वल खाली नको, प्लास्टिकच्या गाड्या चालतील. चित्रांची पुस्तकं खाली चालतील, पण एकाच क्रेटमध्ये मावतील तेवढीच.

क्रेट म्हणजे भाजीवाल्यांकडे टोमॅटोचे असतात ते, जाळीचे. लक्ष्मीपुरीत विचारून वापरलेले घेतले, निळे आणि लाल. दुकानातल्या सुंदर झाकणाच्या डब्यांपेक्षा हे मला कितीतरी बरे वाटतात, दोन्ही बाजूला धरायला खाच असते, एकावर एक बसतात, चिखल लागला तर धुता येतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाकण नसतं. झाकण असलं की त्याच्या वर दुसरं काहीतरी ठेवलं जातं आणि मग आतलं काढायला कुणी जात नाही. जाळीतून बारीक ठोकळे पडायचे, त्याला आत्यांनी जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून आतून बसवल्या. धाकट्याला वाचता येत नाही म्हणून थोरलीनं प्रत्येक क्रेटसाठी चित्र काढलं, गाडी, भातुकलीचा चहाचा कप, ठोकळे, आणि वरून रुंद सेलोटेप लावली. त्या चित्रांचा परिणाम माझ्या शंभर वेळा ओरडण्यापेक्षा जास्त झाला. धाकटा गाडी हातात घेऊन एकेका क्रेटपुढे थांबतो, चित्र बघतो, मान हलवतो, पुढे जातो, आणि गाडीचं चित्र सापडलं की "हितं!" म्हणून आत टाकतो. आपटतोच खरं तर. पण टाकतो.

खेळण्यांचे एकूण सहा क्रेट आहेत आणि खाली एका वेळी दोनच. बाकीचे चार वरच्या खोलीत. रविवारी दुपारी जेवणं झाली की अदलाबदल. सुरुवातीला मला भीती होती की पोरं रडतील, आमची बाकीची खेळणी कुठं गेली म्हणून. एकदाही नाही विचारलं. उलट तीन आठवड्यांनी वरून आलेला क्रेट म्हणजे त्यांना नवीन खेळणी आणल्यासारखं होतं. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये असाच एक अभ्यास छापलाय, ३६ मुलं, दीड ते अडीच वर्षांची, त्यांना एकदा ४ खेळणी देऊन बघितलं आणि एकदा १६. चारच असताना पोरं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मी हे वाचलं तेव्हा आमचे क्रेट आधीच सुरू झाले होते, पण वाचून बरं वाटलं, कारण नातेवाइकांत "पोरांची खेळणी लपवून ठेवती" असं बोलणं झालं होतं आणि ते मला लागलं होतं.

खेळणी कमी करताना मात्र मी एक चूक केली आणि ती इथं लिहायलाच पाहिजे. थोरली शाळेत गेल्यावर मी तिच्या डब्यातले दगड टाकून दिले. जोतिबाच्या डोंगरावरून, रंकाळ्यावरून, तिच्या मामाच्या म्हणजे माझ्या भावाच्या शेतातून, कुठून कुठून आणलेले, मला ते खरंच दगड वाटले. संध्याकाळी ती आली, डबा बघितला, आणि रडली नाही. नुसती गप्प झाली. रात्री झोपताना म्हणाली, "आई, माझं काढून टाकताना मला विचारायचं." एवढंच. मला अजून ते आठवलं की पोटात कालवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्याचा टिपर यायच्या आधी मी त्या ढिगात हात घालून पाच दगड परत आणले, बाकीचे नाही सापडले. तेव्हापासून पोरांची वस्तू पोरांना विचारल्याशिवाय घराबाहेर जात नाही, मग ती चॉकलेटचा कागद का असेना. वेळ लागतो. लागू दे.

आणि विचारायचं ते पण "टाकायचं का?" असं नाही विचारायचं, त्याला उत्तर नाहीच येतं. हे मला आत्यांनी शिकवलं. त्यांच्या तोंडात "टाकायचं" हा शब्दच नाही, त्या म्हणतात "मार्गी लावायचं". ही वस्तू कुणाकडे मार्गी लावायची? असं विचारलं की पोरगं विचार करायला लागतं. धाकट्याची तिचाकी होती, लहान झालेली, गुडघे हँडलला आपटायचे तरी सोडत नव्हता. थोरलीनं त्याला सांगितलं, "मी पण माझं दिलो की तुला. तू आता काकींच्या बाळाला दे." (आमच्याकडे पोरी मी दिलो, मी गेलो असंच बोलतात, मी सुधारत नाही, मला ते आवडतं.) मग त्यानं ती स्वतः ढकलत शेजारच्या काकींच्या दारात नेऊन ठेवली आणि बाळाला बसवून दाखवलं कशी चालवायची ते. बाळ अजून रांगतं पण नव्हतं.

कपडे मार्गी लावायला आपल्याकडे जेवढे रस्ते आहेत तेवढे कुठं नसतील. बाळंतविडा आणि झबली नणंदेच्या जावेकडे गेली. चांगले पण लहान झालेले ड्रेस आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या नातीला, धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून. बोहारणीला जरीच्या जुन्या साड्या आणि नवऱ्याच्या पँटी दिल्या, आत्यांनी घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं घेतलं, आणि मी त्याबदली घरातलं चेपलेलं एक पातेलं मोडीत काढलं, कारण एक आलं की एक जायलाच पाहिजे. सुती साड्या मात्र आत्या कुणाला देत नाहीत. त्यांची वाकळ होते. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी थोरलीसाठी शिवली, आतून माझ्या बाळंतपणातल्या दोन मऊ साड्या, वरून त्यांची स्वतःची हिरवी नऊवारी, कडेला लाल चिरगुट. रोज दुपारी सोप्यात जमिनीवर पसरून, एक पाय लांब करून, जाड सुईनं धावदोरा घालत बसायच्या. टाके आधी सरळ आहेत आणि एका कोपऱ्यात वाकडे, तो कोपरा थोरलीनं शिवलाय. तीन साड्या, दोन वर्षं पिशवीत पडलेल्या, आता रोज रात्री अंगावर असतात.

पोरांच्या कपड्यांना प्रत्येकी एक कप्पा, बस्स. पावसाळ्यात इथं चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत त्यामुळे जूनमध्ये तीन जोड जास्तीचे खाली येतात आणि दसऱ्याला परत वर जातात. कपड्यात डांबरगोळ्या मी ठेवत नाही, पांढऱ्या चकचकीत गोळ्या म्हणजे धाकट्याच्या लेखी खाऊच, आणि गिळली तर विषबाधा होते. कडुलिंबाचा पाला वाळवून कापडी पुरचुंडीत.

आवरता आवरता सापडलेल्या अशा धोक्याच्या गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. जत्रेतल्या, महाद्वार रोडवरच्या त्या लुकलुकणाऱ्या खेळण्यांत चपटे गोल सेल असतात, बटणासारखे. मला नऊ सापडले, तीन तर नुसते सुटे, गाद्यांच्या मधे. तो सेल पोरानं गिळला आणि घशाखाली अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं, असा संशय जरी आला तरी वाट न बघता थेट दवाखान्यात जायचं. आता स्क्रूनं बंद होणारं झाकण नसेल तर ते खेळणं घरात थांबत नाही. औषधांचंही तेच, अर्धवट सिरपच्या अकरा बाटल्या निघाल्या. पावडरमध्ये पाणी घालून बनवायचं अँटिबायोटिक असतं ते एकदा कालवलं की बहुतेक आठवड्या-दोन आठवड्यांत निकामी होतं, बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि आपण ते पुढच्या तापाला उपयोगी पडेल म्हणून वर्षभर फ्रीजच्या दारात ठेवतो. आणि लोखंडी कपाट खालून रिकामं करून वर भरलं की ते पुढे झुकतं, आमचं झुकायला लागलेलं, धाकटा खणाला लोंबकळायचा, मग भिंतीला क्लँप मारून घेतला. दोनशे रुपयांचं काम असेल, करून टाका.

स्वयंपाकघरात माझं आणि आत्यांचं सगळ्यात जास्त वाजलं, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हिशोबात वर्षाचं धान्य भरल्याशिवाय घर घर नाही. उन्हाळ्यात गहू, ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, डंकावरून कुटून आणलेली वर्षाची चटणी. २०१९ ला ते सगळं पाण्यात गेलं, कणग्या फुगून फुटल्या, पाच पोती धान्य सडलं आणि त्या वासात त्या आठवडाभर हातात फडकं घेऊन रडत होत्या. मी म्हटलं तीन महिन्यांचंच भरूया. त्या म्हणाल्या, "पुरात आठ दिस दुकान बंद हुतं तवा काय खाल्लं असतं मग?" दोघींचंही खरं. शेवटी असं ठरलं की मे महिन्यात वर्षाचं घ्यायचं पण पोतं फोडून दहा-दहा किलोच्या डब्यांत भरायचं, डबे वरच्या खोलीत, आणि खाली स्वयंपाकघरात महिन्यापुरतं. चटणीची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर, तिला हात फक्त आत्यांचा.

कागदांचं एका वाक्यात सांगते, आधार, रेशनकार्ड, लसीकरणाची कार्डं, घराचे कागद, पासबुकं, सगळं जाड प्लास्टिकच्या पाकिटांत घालून एका लाल पिशवीत, पिशवी जिन्याच्या वरच्या टोकाला खुंटीवर, आणि जे जे मिळतं ते डिजिलॉकरमध्ये. थोरलीचं भिजलेलं कार्ड परत लिहून घ्यायला मला चार हेलपाटे पडले होते.

पोरांची चित्रं हा अवघड विषय आहे. सगळी ठेवता येत नाहीत आणि एकही टाकवत नाही. वर्षाला एक कापडी पिशवी, परीक्षा संपल्या की थोरली आणि मी बसतो, ती निवडते, मी नाही. मी निवडलेली चित्रं आणि तिनं निवडलेली चित्रं कधीच जुळत नाहीत. तिनं ठेवलेलं एक आहे, नुसता निळा रंग फासलाय पानभर. विचारलं तर म्हणाली, हे त्या दिवशी काढलं ज्या दिवशी पप्पा पाण्यातून दूध घेऊन आले होते.

रोजच्या आवरण्याला आमच्याकडे दिवेलागण आहे. आत्या पहिल्यापासून तिन्हीसांजेला दारात पसारा ठेवू देत नाहीत, लक्ष्मी यायची वेळ. आधी ते फक्त त्या आणि मी झाडून घ्यायचो आणि पोरं टीव्हीपुढे. आता सात वाजायच्या आत सगळ्यांनी दहा मिनिटं, नवरा लवकर आला असेल तर तोही. धाकटा क्रेट, थोरली पुस्तकं आणि चपला, मी ओटा, आत्या देवघर. मग दिवा, मग "शुभं करोति". दिवा लागल्याशिवाय जेवायला मिळत नाही आणि आवरल्याशिवाय दिवा लागत नाही, त्यामुळे मला ओरडावं लागत नाही, दिव्याचीच घाई असते. कधीकधी नाही होत. पोरं आजारी असतात, पाहुणे असतात, मी दमलेली असते. मग कोपऱ्यात एक रिकामा क्रेट कायम ठेवलेला आहे, त्यात सगळं गोळा करून टाकायचं आणि दिवा लावायचा.

मोठी सफाई नवरात्राआधी. घट बसायच्या आधी घरातलं कापड न् कापड धुतलं जातं, वाकळा, चादरी, पडदे, अख्खं कोल्हापूरच त्या आठवड्यात धुणं वाळत घालत असतं. मला वाटतं आपल्या बायकांनी ही वर्षाची झाडाझडती फार विचार करून लावून दिलेली आहे, पावसाळा संपत आलेला असतो, ऊन असतं, कोंदट कपड्याला हवा लागते, आणि प्रत्येक वस्तू हातात घ्यावीच लागते. मी फक्त त्याला एक जोडलंय, जी वस्तू धुवायला बाहेर आली तिला आत जायला जागा ठरलेली नसेल तर ती आधी मार्गी लागते.

आणि आता जूनमध्ये आम्ही एक रंगीत तालीमही करतो. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, पाणी आलंय असं समजून खालचं सगळं वर. पहिल्या वर्षी सव्वादोन तास लागले. यंदा चाळीस मिनिटं, फ्रीज आणि शिलाई मशीन सोडून, त्याला तालमीतली पोरं लागतातच. २०२४ च्या जुलैमध्ये बंधाऱ्यावर ४३ ओलांडलं तेव्हा आम्ही वाट बघितली नाही, संध्याकाळी जेवायच्या आधी खालचे कप्पे रिकामे होते. पाणी आमच्या दारापर्यंत आलं नाही. दोन दिवसांनी सगळं परत खाली आणलं, कुणाची काही तक्रार नाही, धाकट्याला तर वाटलं रविवार आहे.

एक वस्तू मात्र मी कधी मोजणीत धरली नव्हती. जिन्याखाली मामांचा मुदगल आहे, तालमीत व्यायामाला फिरवतात तो जड सोटा, शिसवाचा, खाली पितळेची कडी. दोन्ही पुरात तिथंच होता. कुणी उचलला नाही कारण कुणाला उचलतच नाही. त्याच्या शेजारी आत्यांची ट्रंक, लग्नात आलेली, काळी, वर कमळ रंगवलेलं, पुसट झालेलं. २०२१ ला ती ट्रंक तिघांनी मिळून वर नेली होती. आत काय आहे ते मी कधी विचारलं नाही, तो त्यांचा खण, मी माझ्या लेकीचे दगड टाकून शिकले होते.

यंदाच्या तालमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी धाकट्याला झोपवून खाली आले तर आत्या ट्रंक उघडून बसल्या होत्या. पितळेची भांडी होती, माहेरची, एकेक चिंधीत गुंडाळलेलं. घंगाळ, दोन तांबे, समया, पाच ताटं, एक जड परात. मी काही बोलले नाही, शेजारी बसले. त्यांनी एक समई बाजूला काढली, "ही थोरलीला." एक तांब्या, "हा तुझा." परात आणि घंगाळ उचलून बघितलं, परत ठेवलं, परत उचललं. मग म्हणाल्या, उद्या मला पापाच्या तिकटीला भांडीवाल्यांकडे ने, चिंच लावून घासून मगच देणार, काळं दिलं तर भाव पाडतात. रात्री उशिरापर्यंत न्हाणीत घासायचा आवाज येत होता, थोरलीही बसली होती बरोबर, हात कोपरापर्यंत चिंचेनं बरबटलेले.

ट्रंक आता मी आणि थोरली उचलतो. जिना चढताना ती पुढं, मी मागं, वजन माझ्याकडे येतं. वळणावर ती थांबते, "आई, थांब, धरलीस का?" म्हणते, आणि मग पुढची पायरी.